फोटोसाहेबांची साफ फ्रेम

फोटोसाहेबांना माणूस चालत नसे. आमच्या नाल्याचे आणि नाल्याकाठच्या जंगलवाटेचे शेकडो फोटो त्यांच्याकडे होते. पावसाळ्यातल्या गढूळ लोंढ्याचे, थंडीतल्या धुक्याचे, फाल्गुनातल्या पळसाचे, उन्हाळ्यातल्या कोरड्या रेतीचे. त्यांतल्या एकातही माणूस नव्हता. ज्या वाटेने अख्खं गाव सरपणाला, ढोरं चारायला आणि मोहफुलं वेचायला जातं, ती वाट त्यांच्या फोटोत अशी ओस दिसे की बघणाऱ्याला वाटावं, गावात साथ आली असणार.

जवाहरनगरला मी त्यांच्या हाताखाली नोकरीला होतो आणि माझं गाव करडी. एवढ्या गुन्ह्यापायी दर रविवारी मला मोटारसायकल घेऊन त्यांच्या क्वार्टरसमोर उभं राहावं लागे. अंगात डझनभर खिशांचं जाकीट, पण पाण्याची बाटली माझ्या डिक्कीत. रस्त्यात खड्डा आला की आधी ते कॅमेरा तपासत, मग मी शाबूत आहे का ते विचारत. आमच्या नाल्याला ते झरा म्हणत. झरा म्हटल्याने काही त्यात पाणी येत नसे, आणि चैत्रात तो आटला की ते माझ्याकडे रागाने पाहत.

"फ्रेम साफ पाहिजे," हे त्यांचं ब्रीद. वळणावर गुराखी दिसला की हात वर करून त्याला थांबवत. गुराखी थांबे, ढोरं थांबत नसत, आणि तीही माझीच चूक ठरे. मी एकदा म्हणालो की साहेब, ही वाट याच लोकांच्या पायांनी पडली आहे. तर म्हणाले, "माणसं पाहाले बस स्टँड आहे ना. इथं काहून पाहिजे?" त्या वळणाचा फोटो पुढे त्यांनी 'मानवी स्पर्शापासून दूर' असं नाव देऊन भंडाऱ्याच्या प्रदर्शनात लावला. त्यात मधोमध बैलगाडीच्या चाकांचे चर होते.

याच वाटेवरच्या एका मोहाखाली चैत्रात माझी आई उजाडायच्या आधीपासून असायची. मोहफुलं वेचायची तर झाडाखालची जमीन साफ लागते. गावातले बाकीचे लोक पालापाचोळा सरळ पेटवून देत. आई पेटवत नसे. धुराने फुलांना वास लागतो, असं तिचं म्हणणं. ती खराट्याने गोल झाडून काढायची आणि पाचोळ्याचा ढीग नाल्याच्या बाजूला लावायची.

साहेबांनी कॅमेरा रोखला की ती खराटा टाकून पदर सारखा करायची आणि झाडाशी ताठ उभी राहायची. तिला वाटे, फोटो तिचाच आहे. "आईले जरा बाजूले सरायले सांग न," साहेब माझ्या कानाशी कुजबुजत. मी सांगत नसे. मग तोंड वाकडं करून ते एकदाचा फोटो काढत.

"माहा चांगला आला का जी?" आई विचारायची.

"एक नंबर," साहेब म्हणायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवायला घरात तिचा धड फोटो नव्हता. एक आधार कार्डावरचा, त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. पण मी निश्चिंत होतो, कारण साहेबांकडे मोहाखालचा फोटो होता. मी गेलो, त्यांनी कॉम्प्युटरवर तो उघडला. मोह होता, वाट होती, नाला होता. आई नव्हती. तिची टोपलीसुद्धा नव्हती.

"सगळं काढून टाकलं, पाहा किती साफ झाला," ते अभिमानाने म्हणाले. मूळ फोटो मागितला, तर म्हणाले, कचरा मी ठेवतच नाही. मग माझा चेहरा बघून आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं, कारण ते उगाच चष्मा पुसू लागले. मला त्यांचा कॅमेरा नाल्यात बुडवावासा वाटला, पण तेव्हा नाल्यात पाणीही नव्हतं.

शेवटी आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून ठेवला. कार्यक्रमाला साहेब आले ते काखेत तोच मोहाचा फोटो घेऊन, चांगली काच लावून मढवलेला. ज्या घरातली आई गेली त्याच घरात आई पुसलेला फोटो घेऊन येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वर जमलेल्या पाहुण्यांना सांगू लागले की बघा, निसर्ग आपली जागा कशी साफ ठेवतो, वारा पानं बरोबर एका बाजूला लोटतो.

माझी मावशी आईला, थोरल्या बहिणीला, बाई म्हणायची. तिने फ्रेम मांडीवर घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. गोल साफ जमीन, कुठे राख नाही, नाल्याकडे पाचोळ्याचा ढीग.

"वारा कायचा," ती म्हणाली. "हे तं बाईनं झाडलं आहे." आणि काचेवरून, त्या साफ जागेवरून, हात फिरवत राहिली.

 निघताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मले वाटलं, तिथली जमीनच तशी आहे." जन्मभर जंगलात फिरलेला माणूस हा. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायलाही गेलो नाही.

आता ते पुण्याला मुलाकडे असतात. तिथून रोज सकाळी आमच्याच नाल्याचे फोटो मला पाठवतात, साफ केलेले. मी उत्तर देत नाही. रविवारी मात्र हात आपोआप मोटारसायकलच्या किल्लीकडे जातो, आणि त्याचाही मला रागच येतो.

आधार कार्डावरचा फोटो मी कपाटात ठेवून दिला. भिंतीवर साहेबांची फ्रेम आहे. जमीन पुसायचं त्यांना सुचलं नाही, हा त्यांचा अडाणीपणा माझ्या कामी आला. घरी येणारे विचारतात, हा देखावा कुठला? मी सांगतो, देखावा नाही, आईचा फोटो आहे. ते वाटेवर बघतात, बुंध्यामागे शोधतात. मग मी झाडाखालच्या जमिनीवर बोट ठेवतो.