टाकी आली की बटण

मिनिटमामा डबा खातानासुद्धा बूट काढत नसत. चौकीतल्या लांब बाकाचं दाराकडचं टोक त्यांचं. डबा मांडीवर, किल्ली शर्टाच्या खिशात, आणि बाहेर ॲम्ब्युलन्सचं तोंड कायम रस्त्याकडे. एखाद्या नव्या चालकानं गाडी सरळ आत घुसवून लावली, तर मामा त्याला एका शब्दानं बोलायचे नाहीत. डबा झाकायचे, उठायचे, गाडी फिरवून लावायचे आणि परत येऊन उरलेला घास संपवायचे. त्या चालकाकडून पुन्हा ती चूक होत नसे.

ॲम्ब्युलन्सवर येण्याआधी ते दूधगाडीवर होते. "दुधाला आणि दुखणेकऱ्याला उशीर चालत नाही, एवढंच मला कळतं," असं ते म्हणत, आणि बावीस वर्षं त्यांनी खरोखर तेवढ्याच ज्ञानावर काढली. कुणी पत्ता सांगितला की त्यांच्या तोंडून आधी मिनिटं निघायची. "चार मिनिटं. फाटक लागलं तर पाच." म्हणून मिनिटमामा. त्यांची बायको शेजारणींना सांगायची, "यांना कोपऱ्यावर साबण आणायला पाठवलं, तरी किती वाजता निघालो ते सांगून जातात." हे ती कौतुकानं सांगते की वैतागून, याचा थांग बिचाऱ्या मामांना तीस वर्षांत लागला नव्हता.

चौकीला दोन गाड्या होत्या, कारण चौकीच्या वाट्याला टेकडी आली होती. खाली सपाटीवरची वस्ती. तिथं गाडी थेट दारापर्यंत जायची. टेकडीवर मात्र घरं दाटीवाटीनं चढत गेलेली, आणि वर जायला नुसत्या पायऱ्या. पाण्याच्या टाकीपासून एकशे सत्याऐंशी. गाडी टाकीपाशी लावायची, दुमडती खुर्ची खांद्यावर घ्यायची आणि चढायचं. एक गाडी टेकडीला गेली की तासभर सुटत नसे. तेवढा वेळ दुसरीनं बाकीचा सगळा भाग सांभाळायचा.

मग मोबाइल आला. नोंदवही गेली आणि स्टिअरिंगशेजारी एक फोन बसवला गेला. कॉल आला की त्यावर पत्ता दिसायचा, रस्ता दिसायचा आणि खाली चार बटणं: निघालो, पोहोचलो, रुग्ण घेतला, दवाखान्यात. बटण दाबलं की ती वेळ थेट मुख्य कार्यालयात. पहिले काही दिवस मामा त्या फोनशी नव्या व्याह्याशी वागावं तसं वागले. मान द्यायचा, भरवसा ठेवायचा नाही. गाडीतल्या परिचारिकेनं, जिला सगळी चौकी ताई म्हणायची, त्यांना एकेक गोष्ट चार-चार वेळा दाखवली. तिच्या स्वतःच्या पिशवीत आणखी एक यंत्र होतं. छातीला तारा लावल्या की हृदयाचा आलेख तिच्या मोबाइलवरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे जायचा आणि तिथून सूचना यायच्या. याचं मामांना मनापासून अप्रूप. "आपण अजून टेकडीवर, आणि तिकडं डॉक्टर याच्या काळजातलं वाचतोय," असं ते आल्यागेल्याला सांगत.

घोडं अडलं ते बटणापाशी. टाकीपाशी गाडी थांबली की एका हातात खुर्ची, दुसऱ्यात ऑक्सिजनची नळकांडी, आणि फोन राहायचा गाडीत. बटण दाबायचं हटकून विसरायचं. मग अर्ध्या पायऱ्यांवर धापा टाकत असताना ताईच्या फोनवर कार्यालयाची विचारणा, "गाडी अजून पोहोचली नाही का?" असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मामांनी उपाय काढला. वळणावर टाकी दिसली रे दिसली की अंगठा बटणावर. "टाकी आली की बटण. मग डोक्याला ताप नाही," असं त्यांनी दुसऱ्या गाडीच्या चालकालाही शिकवलं, आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला. यात कुणाला लबाडी वाटली नाही. मामांना तर अजिबातच नाही. गाडी पोहोचलीच होती की.

तीन वर्षं अशी गेली. चौकीच्या भिंतीवर आलेख लागला: सरासरी सहा मिनिटं, सगळ्या चौक्यांत पहिली. मामांना प्रशस्तिपत्रक मिळालं. ते त्यांनी घरी नेलं नाही. बाकाच्या वरच, येणाऱ्याच्या नजरेत भरेल असं टांगलं.

एका सकाळी टेकडीवरून कॉल आला. सर्वांत वरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याच्या छातीत दुखत होतं. मामा आणि ताई पोहोचले तेव्हा तो शिलाईच्या यंत्राला टेकून जमिनीवर बसला होता, आणि त्याची बायको दारात उभी होती. ताईनं तारा लावल्या, आलेख गेला, डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्या आणि लगेच घेऊन या म्हणाले. खुर्चीचे पट्टे आवळताना शिंपीणकाकू हळूच म्हणाल्या, "फार वेळ लागला हो. वीस मिनिटं झाली."

मामांना ते लागलं. खाली गाडीत बसल्यावर त्यांनी फोन काकूंसमोर धरला. "काकू, हे बघा. सहा मिनिटांत आलोय."

काकूंनी फोनकडे पाहिलं, मग मामांच्या घामाघूम चेहऱ्याकडे. "असेल," म्हणाल्या आणि नवऱ्याचा हात धरून बसल्या.

शिंपी वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा राहिला.

त्यानंतर दीड महिन्यानं कार्यालयाचं पत्र आलं. नदीपलीकडच्या वस्तीत गाडी पोहोचायला चौदा मिनिटं लागतात, तुमच्याकडे सहा. तेव्हा तुमची एक गाडी महिनाअखेर तिकडे जाईल. मामा दिवसभर धुमसत होते. "जीव तोडून पळालो त्याची ही शिक्षा," ते म्हणाले. "उद्या टेकडीवर दोघांना एकदम दुखलं तर? एकाला सांगायचं का, बाबा रे, जरा धीर धर, तुझा नंबर दुसरा?"

ड्यूटी संपल्यावर ताई बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं आपला मोबाइल पुढे केला. त्यावर शिंप्याचा आलेख होता.

"मामा, या यंत्राला बटण नाही. तारा लागल्या की ते आपली वेळ आपणच छापतं. कॉल दहा वाजता आलेला. तुमचं 'पोहोचलो' दहा वाजून सहा मिनिटांनी. आणि आलेखाची पहिली रेघ बघा."

मामांनी फोन लांब धरून वाचलं. दहा एकोणीस.

"टेकडीवरचे सगळे कॉल मी असे लावून पाहिले," ताई म्हणाली. "बटणानंतर बारा मिनिटं, तेरा मिनिटं, एकदा तर पंधरा. आपण पायऱ्या चढतो ती मिनिटं कुठं लिहिलेलीच नाहीत. त्यांच्या कागदावर टेकडीच नाही."

मामांनी मान वर करून भिंतीवरच्या सहा मिनिटांच्या आलेखाकडे पाहिलं.

"तू पाठवणार आहेस हे?"

"नाही. बोट तुमचं होतं. तुम्ही सांगितलंत तर आकडे देईन."

त्या रात्री मामांना जेवण गेलं नाही. गाडी जाईल याचं दुःख होतंच, पण त्याहून काकूंचं ते 'असेल' काट्यासारखं आत रुतलं होतं. खोटं बोललो नाही, असं ते स्वतःला परोपरीनं समजावत होते, आणि तरी लाज काही कमी होत नव्हती. बायकोनं विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "मग उद्या किती वाजता निघताय?"

मुख्य कार्यालयातले साहेब वयानं मामांच्या मुलाएवढे होते. मामांनी खुर्चीत बसायच्या आधी पिशवीतून प्रशस्तिपत्रक काढून टेबलावर ठेवलं आणि त्यावर ताईचा कागद. मग टाकीची सगळी गोष्ट सांगितली.

"किती दिवस चाललंय हे?"

"बटण आल्यापासून."

"आणि बाकीचे चालक?"

"त्यांना मी शिकवलं. त्यांना काही विचारू नका."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "मामा, तुम्हाला कळतंय ना, हे खरं धरलं तर तुमची चौकी पहिल्यावरून शेवटची होईल?"

"गाडी राहील का?"

"एकोणीस मिनिटं असतील तर मी ती कशी हलवू?"

"मग होऊ दे शेवटची," मामा म्हणाले.

साहेबांनी प्रशस्तिपत्रक परत दिलं, पण मामांनी ते पुन्हा बाकाच्या वर टांगलं नाही. महिनाभरात फोनवर पाचवं बटण आलं: रुग्णाजवळ. फोनही स्टिअरिंगजवळून निघून पट्ट्यानं गळ्यात आला. भिंतीवरचा आलेख ताडकन वर गेला आणि दुसऱ्या गाडीचा चालक चार दिवस मामांशी धड बोलला नाही. "आता मिनिटमामा नाही, ताशीमामा म्हणा," असं तो म्हणाला तेव्हा कळलं की राग गेला. गाडी मात्र चौकीतच राहिली, रस्त्याकडे तोंड करून.

पुढे एका दुपारी शिंप्याच्याच घरून कॉल आला. चक्कर आली होती, छाती जड वाटत होती. मामा चढले. आत शिरून शिंप्याच्या उशाशी उभं राहिल्यावर त्यांनी गळ्यातला फोन धरला आणि बटण दाबलं. ताईनं तारा लावल्या, आलेख पाठवला, आणि दवाखान्यातून उत्तर येईपर्यंत सगळे थांबले.

"काकू," मामा म्हणाले, "त्या दिवशी तुमचंच खरं होतं. एकोणीस मिनिटं लागली होती. मी तुम्हाला चुकीचं दाखवलं."

काकूंनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "मला माहीत होतं. दारात उभं राहिलं तरी ते दिसतं. तुम्ही येईपर्यंत मी त्याच्याकडंच बघत होते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्हाला केवढी धाप लागली होती. म्हटलं, आपल्या माणसासाठी एवढं चढून आलेल्याशी वाद काय घालायचा."

मामांनी खाली मान घालून गळ्यातला पट्टा सारखा केला. तेवढ्यात ताईचा मोबाइल वाजला. आलेखात नवीन काही नाही, डॉक्टर म्हणत होते. अंगातलं पाणी कमी झालंय, उद्या दाखवायला आणा. शिंप्यानं डोळे उघडून सगळ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"आज किती लागली?" काकूंनी विचारलं.

मामांनी फोन पाहिला. "अठरा."

काकूंनी घड्याळाकडे पाहून मनात हिशेब केला. "अठराच," त्या म्हणाल्या आणि मामांच्या हातात पाण्याचा पेला दिला.