नेव्हिलच्या श्वासातला आकडा

नेव्हिल ड्रुअरी आमचा भिंतीपलीकडचा शेजारी. आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे तीस वर्षं त्याच्या सकाळच्या खोकल्याने मला जाग येत आली. घड्याळाचा गजर लावायची वेळच आली नाही.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रिम्झबीच्या गोदीवर त्याने अडतीस वर्षं मासे कापले. हॅडॉकच्या पाठीत सुरी घालायची आणि एका हिसक्यात काट्यापासून मांस सोडवायचं. हात सदा बर्फाच्या पाण्यात. म्हणून तिथल्या माणसांची सिगारेट बोटांत नसे, ओठाच्या कोपऱ्यात चिकटलेली असे. राख माशावर पडायच्या आत तोंड बाजूला वळवायचं, हीसुद्धा शिकायची गोष्ट होती, आणि नेव्हिल ती वयाच्या पंधराव्या वर्षी शिकला. पुढे निवृत्त झाला, हात कोरडे झाले, तरी सिगारेट ओठाच्या कोपऱ्यातच राहिली.

त्याच्या बायकोने, मॅव्हिसने, जन्मात सिगारेट ओढली नाही. लग्न झालं त्या आठवड्यातच तिने कायदा करून टाकला होता. ओढायची तर बैठकीच्या खिडकीपाशी बसून, आणि खिडकी वीतभर उघडी हवी. चव्वेचाळीस वर्षं तो कायदा चालला. जानेवारीत समुद्रावरून असा वारा येतो की दाराची कडीसुद्धा हाताला चावते, पण ड्रुअरींची खिडकी उघडीच. मॅव्हिस कोट घालून टीव्ही बघायची. शेगडी शेजारी पेटलेली असायची. ही गॅसची शेगडी तिच्या सासूच्या वेळची, जुन्या धुराड्याच्या तोंडाशी बसवलेली. त्या खिडकीची गोष्ट मी आधीच सांगून ठेवते आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं.

त्यांची एकुलती मुलगी केरी लिंकनला राहते. एक्केचाळिसाव्या वर्षी तिला मूल झालं, तेही सहा आठवडे लवकर. मार्नी नाव ठेवलं. तिला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं, फुप्फुसं कच्ची म्हणून. घरी आणल्यावर केरीने फोन केला आणि सरळ सांगितलं, "डॅड, तू सिगारेट ओढतोस तोवर मार्नी त्या घरात येणार नाही. आणि सोडली म्हणून नुसतं सांगू नकोस. तू याआधी सहा वेळा सोडली आहेस."

"सात," मॅव्हिस मागून म्हणाली.

म्हणून सप्टेंबरात नेव्हिल आमच्या वाचनालयात आला. दर मंगळवारी सकाळी दहाला तिथे मागच्या खोलीत सिगारेट सोडणाऱ्यांची बैठक असते. चहा करायला मी जाते. लिअ‍ॅन नावाची एक गोड मुलगी सल्ला देते. ती नवी होती, वर्षही झालं नव्हतं तिला. तिच्याकडे हातात मावेल असं एक यंत्र असतं. पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मग नळीत हळूहळू सोडायचा. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात किती आहे, त्याचा आकडा दिसतो. पहिल्या मंगळवारी नेव्हिलचा आकडा एकोणतीस आला.

"न ओढणाऱ्यांचा किती असतो?" त्याने विचारलं.

"पाचाच्या आत. इथे खोटं बोलायची सोय नाही, नेव्हिल," लिअ‍ॅन हसून म्हणाली.

तिने त्याला ई-सिगारेट दिली. तिच्यात जाळायचं काही नसतं, नुसती वाफ. निकोटिन मिळतं, धूर नाही. नेव्हिलने ती सवयीने ओठाच्या कोपऱ्यात लावली आणि हात सोडला. ती थेट त्याच्या चहात पडली.

"ही धरावी लागते होय," तो म्हणाला. "म्हणजे आता माझा एक हात कायमचा गेला."

दुसरी मिळाली. तंबाखूची चव त्याला आवडेना, मग बडीशेपेची घेतली. तीन आठवड्यांत आकडा चारवर आला, नंतर तीनवर. सकाळचा खोकला कमी झाला आणि मला दोनदा उठायला उशीर झाला. यंत्रातून निघालेली आकड्याची चिठ्ठी तो घडी करून पाकिटात ठेवायचा आणि केरीला फोनवर वाचून दाखवायचा. केरीने अट घातली होती, सलग आठ मंगळवार आकडा पाचाच्या आत, की मार्नीला आणते.

ऑक्टोबरात मॅव्हिसने बैठकीची खोली साफ करायला काढली. पडदे धुतले. पिवळं पडलेलं छत नेव्हिलने स्वतः रंगवलं. आणि चव्वेचाळीस वर्षांनी खिडकी बंद झाली. मला मुद्दाम बोलावून दाखवली. कच्च्या फुप्फुसांच्या बाळाला वारा लागू नये म्हणून नेव्हिलने फटींत रबराची पट्टी ठोकली, आणि शेगडीजवळच्या भिंतीतला हवेचा झरोकाही चिकटपट्टीने बंद करून वरून रंग दिला. कुठे झरोका होता ते ओळखूही येत नव्हतं.

"आता कशी ऊब राहते बघ, शैला," मॅव्हिस म्हणाली. "कोट काढून बसते मी."

खरंच ऊब होती. काच आतून घामेजली होती. शेगडीची ज्योत पिवळी दिसत होती, आणि मला ती छानच वाटली.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी आकडा नऊ आला. लिअ‍ॅनने यंत्र झटकून पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा नऊ.

"एखादी ओढलीत का? इथे कुणी रागवत नाही."

"नाही."

"एखादीच? पबमध्ये?"

"पोरी, मी नाही म्हणालो."

पुढच्या आठवड्यात चौदा. लिअ‍ॅन आता हसत नव्हती. तिने ई-सिगारेटमधलं निकोटिन वाढवून दिलं, म्हणाली तलफ भागत नसेल. त्याचं डोकं दुखत होतं, तेही सिगारेट सोडल्याने होतं असं ती म्हणाली, आणि कागदावर तसं छापलेलंही होतं. मॅव्हिसचंही डोकं दुखायचं. तिचं कारण तिनेच काढलं होतं. "हा दिवसभर तोंड पाडून समोर बसतो, दुखणार नाही तर काय होईल."

त्यांचं मांजर याच सुमारास माझ्या स्वयंपाकघरात राहायला आलं. पिल्चर्ड त्याचं नाव. जाडजूड, आळशी, शेगडीसमोरून न हलणारं जनावर. आता ते माझ्या दाराशी ओरडायचं आणि मॅव्हिस उचलून न्यायला आली की तिच्या हातांतून निसटायचं.

"रंगाचा वास आवडत नाही त्याला," मॅव्हिस म्हणाली.

"रंगाला महिना झाला, मॅव्हिस."

"मग तुझे मासे आवडत असतील."

आणि आता माझी चूक सांगते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेव्हिलला मागच्या बोळात बघायची. कचऱ्याच्या डब्यांपाशी, भिंतीला टेकून, दिवसातून चार-पाच वेळा. पंधरा मिनिटं उभा राहायचा आणि आत जाताना चेहरा बराच ताजातवाना असायचा. हातात काय असे ते डब्यांमुळे दिसत नव्हतं. मॅव्हिसने विचारलं तेव्हा मी ते सांगून टाकलं. खोटं नव्हतं. पण सांगताना माझ्या आवाजात जे होतं, ते मला ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी मॅव्हिसने त्याच्या कोटाचे खिसे उलटे केले. बडीशेपेच्या वासाखेरीज काही निघालं नाही.

"मग बोळात काय करतोस?"

"श्वास घेतो."

"घरात श्वास नाही?"

"बाहेर डोकं उतरतं माझं. का ते मला ठाऊक नाही."

हे मला भिंतीतून ऐकू आलं. 

नोव्हेंबर संपता संपता मॅव्हिस जास्त झोपू लागली. दुपारी दोनला तिच्याकडे जावं तर खुर्चीत मान टाकलेली. गाल गुलाबी. मी म्हटलं, रंग छान आलाय तुझ्या चेहऱ्यावर. किटली चढवून ती विसरायची. माझं नाव तोंडाशी येऊन अडायचं. अशाच एका मंगळवारी नेव्हिलचा आकडा एकोणीस आला, आणि त्याने चिठ्ठी घेतलीच नाही. केरीने फोनवर आकडा विचारला, त्याने सांगितला, आणि तिने फोन ठेवला.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी केरीचं लिंकनहून येणं ठरलं. मॅव्हिसने गळ घातली होती, ख्रिसमसच्या आधी एकदा बाळ दाखव म्हणून. केरी म्हणाली, येते, साडेदहापर्यंत पोहोचते, बाकी तिथे आल्यावर बघू. मॅव्हिसने किल्ली कुंडीखाली ठेवली, आणि स्वतः नेव्हिलबरोबर वाचनालयात आली. आज आकडा मी माझ्या डोळ्यांनी बघणार, असं म्हणत.

बावीस.

लिअ‍ॅनने पेन खाली ठेवलं. मॅव्हिसने आकडा बघितला, मग नेव्हिलकडे. "तुझी मुलगी तासभर गाडी चालवून येते आहे," ती म्हणाली. "आणि तू."

"मी ओढली नाही, मॅव्हिस."

"यंत्र खोटं बोलतं मग. आणि शैलाही खोटं बोलते. आणि मी मूर्ख."

नेव्हिल चिडणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी त्याने नळीचं टोक बदललं आणि यंत्र बायकोपुढे धरलं. "तू फुंक. जन्मात ओढली नाहीस ना? फुंक."

"मी कशाला?"

"बघू तरी हे यंत्र खरं किती बोलतं."

तिने तोऱ्यातच श्वास रोखला आणि फुंकर घातली. मी चहाचा ट्रे घेऊन तिच्या मागेच उभी होते, म्हणून आकडा चढताना मी पाहिला. दहा. अठरा. चोवीस. तो एकतीसवर थांबला.

लिअ‍ॅनने यंत्र घेऊन स्वतः फुंकलं. दोन. तिचा चेहरा पांढरा पडला होता. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "कार्बन मोनॉक्साइड गॅस नीट जळला नाही तरी होतो. तुमच्या घरात गॅसवर काय काय चालतं?"

"शेगडी," नेव्हिल म्हणाला. आणि मग खुर्ची मागे सारून उठला.

"मी ती मोठी करून आले आहे," मॅव्हिस म्हणाली. "बाळासाठी खोली ऊबदार राहावी म्हणून."

भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते.

केरीचा फोन वाजत राहिला. गाडी मी चालवली. पाच मिनिटांचा रस्ता, पण मधे शाळेपाशी लाल दिवा लागला. मॅव्हिस मागे बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, किल्ली कुंडीखाली आहे, मीच तिला सांगितलं. नेव्हिल फोन कानाला लावून बसला होता. ती ई-सिगारेट त्याच्या मुठीत होती, पण त्याने ओढली नाही.

केरीची गाडी दारात उभी होती. पुढच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मी ब्रेक लावायच्या आत नेव्हिल उतरला आणि घराच्या दाराकडे धावला. कुंडी त्याने पायानेच उडवली. किल्ली तिथेच होती.

तो क्षणभर त्या किल्लीकडे बघत राहिला. मग वळला. केरीच्या गाडीची मागची काच दोन बोटं खाली आली. ती मागच्या खुर्चीवर बसून मार्नीला पाजत होती, अंगावर घोंगडी घेऊन, फोनचा आवाज बंद करून.

"आकडा?" तिने विचारलं. हाय नाही, हॅलो नाही.

"बावीस," नेव्हिल म्हणाला.

तिने डोळे मिटले. "वाटलंच होतं मला. म्हणून आत गेलेच नाही. निघतो आम्ही."

"तुझ्या आईचा एकतीस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या मागच्या त्या बंद, घामेजलेल्या खिडकीकडे. मार्नी दूध पीत होती. 

आम्ही दारं उघडून रस्त्यावर उभे राहिलो. गॅसचा माणूस दीड तासात आला. त्याने शेगडीची गॅसची जोडणी तोडून तिला 'वापरू नये' अशी लाल चिठ्ठी बांधली. धुराड्यातून कावळ्याच्या घरट्याच्या काटक्या निघाल्या, दीड बादली. किती वर्षांच्या होत्या देव जाणे. मग त्याने शेगडीजवळच्या भिंतीवरून तळहात फिरवला, रंगाखालची चिकटपट्टी त्याच्या नखाला लागली.

"हे कुणी केलं?"

"मी," नेव्हिल म्हणाला. "बाळाला वारा लागू नये म्हणून."

"आणि धुराडं तर कधीचं तुंबलेलं. इतकी वर्षं काही झालं कसं नाही?"

"खिडकी उघडी असायची. मी सिगारेट ओढायचो ना."

त्या माणसाने खोलीभर नजर फिरवली. शेगडीसमोर मॅव्हिसने बाळासाठी टोपली ठेवली होती, आत पिवळं पांघरूण, कोपरा दुमडून तयार. त्याने ती टोपली पायाने जरा लांब सरकवली आणि आपलं सामान आवरायला लागला.

आमच्या बाजूचंही सगळं तपासलं. आता दोन्ही घरांत कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावला आहे. नेव्हिल अजून वाफच ओढतो, निकोटिन कमी करत अगदी थोड्यावर आणलं आहे. आकडा एक किंवा दोन येतो. चिठ्ठ्या तो घेत नाही. खोलीत आता विजेचा हीटर आहे, आणि खिडकी वीतभर उघडी असते. मॅव्हिस पुन्हा कोट घालून बसते. तिची डोकेदुखी गेली, पण किटली चढवून ती अजून विसरते, आणि माझं नाव घेताना तिला थांबावं लागतं. डॉक्टर म्हणतात, थोडं परत येईल. दीड वर्ष झालं.

मार्नी आता घरभर पळते. येते, राहते, पिल्चर्डची शेपटी ओढते. नेव्हिलने सिगारेट ओढली नव्हती, हे केरीला त्याच दिवशी कळलं. पण तिने कधी माफी मागितली नाही, आणि त्यानेही मागू दिली नाही. एकदा ती काहीतरी बोलायला लागली होती, मी तिथेच होते. नेव्हिलने हात वर करून तिला थांबवलं.

"तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास तर त्या दिवशी किल्ली कुंडीखाली राहिली नसती," तो म्हणाला, आणि उठून खिडकी आणखी थोडी उघडली.