तिरफळाशिवाय बांगडा

कुणाला एखाद्या पदार्थाची कृती लिहून दिली की मी अजूनही ती दोनदा वाचून बघते. सून हसते. "आई, भाजीच तर आहे, दस्तऐवज आहे का?" म्हणते. तिला कारण कधी सांगितलं नाही, कारण सांगायला लाज वाटायची. आता या वयात लाजेला तरी किती जपायचं, म्हणून लिहिते आहे. नावं मात्र घालत नाही. ज्यांची आहेत त्या वाचल्याबरोबर ओळखतील.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. आम्ही चौघी मुलुंडला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. गोळ्यांच्या पट्ट्या लहान खोक्यात भरायच्या, लहान खोकी मोठ्या खोक्यात. हात चालू, तोंड बंद, कारण आमच्या सुपरवायझर बाईंना कुणाचं बोलणं खपायचं नाही. महिनाभर तुंबलेलं बोलणं शेवटच्या शनिवारी फुटायचं. शनिवार अर्धा दिवस असायचा. सुटलो की चौघींपैकी एकीच्या घरी जायचं. नियम एकच होता: महिन्याभरात जे सगळ्यात जास्त आवडलं, ते आणायचं. पुस्तक असो, गाणं असो, टीव्हीवर पाहिलेलं असो की खायचं असो. आणि आणलेलं दुसरीला देऊन जायचं, नुसतं मिरवून परत न्यायचं नाही.

आमच्यातली एक गुजराती. टीव्ही फक्त तिच्याकडे. ती मालिका घेऊन यायची, म्हणजे अख्खी करून दाखवायची. सासू झाली की पदर डोक्यावर, सून झाली की पदर कमरेला. तिचं मराठी मधूनच गुजरातीत शिरायचं, पण रडायचं तिथे आम्ही रडायचोच. दुसरी होती तिला गाण्यांचं वेड. रेडिओशेजारी कॅसेट रेकॉर्डर लावून बटणावर बोट ठेवून बसायची. तिच्या प्रत्येक गाण्याच्या आधी निवेदकाचं अर्धं वाक्य यायचं आणि मागून तिच्या आईचा आवाज, "दूध उतू गेलं गं." ते दूध उतू गेलेलं गाणं मला अजून पाठ आहे.

तिसरी घाटकोपरची. टेकडीच्या बाजूला वस्ती आहे तिथे राहायची. मूळ गाव मराठवाड्यातलं, घर बौद्ध. ती पुस्तकं आणायची. खाकी कव्हर घातलेली, आवडलेल्या ओळीशेजारी पेन्सिलची बारीक रेघ. शाळा सुटल्यावर मी पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. पहिलं पुस्तक तिनं दिलं तेव्हा मी म्हटलं, "मला नाही जमायचं यार, झोप येते." ती म्हणाली, "ये ना झोप. उठलीस की पुढचं पान वाच." तशी दीड महिन्यात मी ते संपवलं. आज माझ्या घरात दोन कपाटं पुस्तकं आहेत. ती तिच्यामुळे आहेत, हे मी कुणालाही सांगते.

आणि मी? मी खाणं आणायची. मूळची मालवणकडची, हाताला चव आहे असं सगळे म्हणायचे, आणि मलाही ते ऐकायला आवडायचं. कृती मी औषधांच्या खोक्यांच्या आतल्या बाजूला लिहायची. छपाई बिघडलेली खोकी कारखान्यात ढिगानं पडायची आणि आतून पांढरीशुभ्र असायची. खोकल्याच्या औषधाच्या पाठीवर घावणे, पित्ताच्या गोळ्यांच्या पाठीवर वड्याचं पीठ. गुजराती मैत्रीण म्हणायची, "आजार अन् इलाज एकाच कागदावर."

एका शनिवारी घाटकोपरची मला बाजूला घेऊन म्हणाली, "पुढच्या महिन्यात मला एक पाहिजे. मागू का?"

तिनं आजवर काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "माग की गं."

"बांगड्याची आमटी. तुमच्याकडची."

मग तिनं सांगितलं. तिचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. शेजारच्या साच्यावर एक मालवणी. अठरा वर्षं दोघांनी डबा बदलून खाल्ला. ह्यांची भाकरी आणि ठेचा त्याच्याकडे, त्याचा भात आणि बांगडा ह्यांच्याकडे. गिरणी बंद पडली, मालवणी गावाला निघून गेला, आणि वडील घरी बसले. तीन वर्षं झाली होती. बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. "ताटावर बसतात नि उठतात," ती म्हणाली. "परवा आपण होऊन एवढंच म्हणाले, त्याच्या घरचा बांगडा एकदा मिळाला पाहिजे होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं गं."

मी घरी येऊन रात्रीच्या भाकऱ्या झाल्यावर खोकं उलगडून लिहायला बसले. सासूबाई समोर शेंगा सोलत होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण मी काय लिहिते ते त्यांना बरोबर कळायचं.

"कोणासाठी?"

"कारखान्यातली मैत्रीण."

"खंयची ती?"

"घाटावरची."

"घाटावरची म्हणजे कोण?"

मी उत्तर दिलं नाही, आणि उत्तर न देणं हेच उत्तर झालं. त्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळा कित्याक लिवन देतंस? तिरफळां नको लिवू. आपल्या हातचा कायतरी ऱ्हवाक व्हया."

तिरफळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडचं रानातलं फळ, वाळवलं की चण्याएवढं होतं आणि फुटून तोंड उघडतं. आतली काळी बी काढायची, साल जरा ठेचायची आणि बांगड्याच्या आमटीत टाकायची. खायची नसते, तिचा वास हवा असतो. ती नसेल तर आमटी होते, पण बांगड्याची होत नाही.

मी ओलं खोबरं लिहिलं, सुक्या मिरच्या, धणे, हळद, आंबटाला कोकमाची सोलं, सगळं लिहिलं. तिरफळ लिहिलं नाही. सासूबाईंच्या भीतीनं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. पण त्यात माझंही थोडं होतं. चौघींत माझ्याकडे मिरवायला दुसरं होतं काय? प्रत्येक जणी तशी करू लागली तर माझी आमटी माझी कुठे राहिली, असं मनाच्या एका कोपऱ्यात आलं होतं. ते मी आज कबूल करते.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी तिला ते खोकं दिलं. तिनं मला पुस्तक दिलं. रद्दीच्या दुकानात मिळालेली जाडी कादंबरी, कव्हर घातलेली. म्हणाली, "याची शेवटची पानं फाटलेली होती. तू तिथपर्यंत जाणार नि तुझी वाट लागणार, म्हणून लायब्ररीतून दुसरी प्रत आणून उतरवून काढली." उघडून बघते तर मागे वहीची अकरा पानं सुईदोऱ्यानं शिवलेली. दोन्ही बाजूंनी तिचं बारीक अक्षर, एक खाडाखोड नाही. दिवसभर उभं राहून पॅकिंग करून घरी गेल्यावर तिनं ती लिहिली होती. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "इथे संपलं. पुढे काही नाही. मी बघितलंय."

मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. खोकं तिच्या हातातच होतं, पेन माझ्या पर्समध्ये होतं. मी पर्स उघडली नाही.

पुढच्या महिन्यात ती म्हणाली, "केली गं. बाबा म्हणाले, चांगली झाली, पण ती नव्हे." मी म्हटलं, "बांगडा ताजा नसेल." त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाली, "मिरची बदलली. पुन्हा तेच म्हणाले." मी म्हटलं, "सोलं जुनी असतील." तिसऱ्यांदा ती म्हणाली, "माझ्या हातालाच नाही बहुतेक. चार घास खातात नि हात धुतात." हे ती इतकं साधेपणानं म्हणाली की मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि तरीही मी सांगितलं नाही. एकदा खोटं बोललं की ते निस्तरायला दुसरं लागतं, आणि मी तर लिहून एक नि बोलून दोन करून बसले होते.

चौथ्या महिन्यात तिनं आम्हाला तिच्या घरी बोलावलं. दीड वर्षात पहिल्यांदा. आजवर तिची पाळी आली की ती म्हणायची, "आमचं घर लहान आहे, लांब पडेल," आणि आम्ही कुणी आग्रह केला नव्हता. का केला नव्हता, हे ज्याचं त्यानं मनात बघावं.

घर लहान होतं खरं, पण भिंतीला छतापर्यंत फळी, आणि फळीवर खाकी कव्हरांची रांग. वडील खाटेवर बसले होते. उंच, वाळलेले, सदरा स्वच्छ इस्त्रीचा. मी मालवणची असं कळल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"तुझ्याच हातची कृती ना पोरी? चांगली आहे. राग नको मानू हां, पण त्याच्या बांगड्यात एक काहीतरी असायचं. काळपट, टणक, असं तोंड उघडलेलं. मी पहिल्या दिवशी ते चावलं. जिभेला मुंग्या आल्या, ओठ बधिर. मला वाटलं ह्यानं विष घातलं." ते हसले. "तो पोट धरून हसत होता. मग मी रोज एक तरी मुद्दाम चावायचो, त्याला हसवायला."

मैत्रीण चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं मला विचारलं, "असं काही असतं का गं त्यात?"

बाकीच्या दोघींना तिरफळ ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिथे ते ठाऊक असलेली मी एकटीच. नाही म्हटलं असतं तर चाललं असतं, पण त्या माणसाच्या डोळ्यांत बघून नाही म्हणवेना.

"असतं," मी म्हटलं. "तिरफळ."

ती माझ्याकडे बघत राहिली. फार वेळ नाही, पण मला कळलं की तिला कळलं. मग ती वडिलांकडे वळून म्हणाली, "माझ्याच वाचण्यातून सुटलं असेल बाबा. तिनं लिहिलं असणार." आणि कप वाटायला लागली.

निघताना ती मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. बाकीच्या दोघी पुढे चालत होत्या.

"विसरलीस, की ठेवलंस?"

"ठेवलं," मी म्हटलं. आणि घाईघाईनं, "सासूबाई म्हणाल्या..."

"सासूबाईंना लिहिता येत नाही, तूच सांगितलंस ना? लिहिलं तू."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको, रस्त्यावर आहोत. तीन महिने मी माझ्या हाताला दोष देत होते, तो राग मला आहे. तो जायला वेळ लागेल. रविवारी तिरफळं घेऊन ये."

"आणि काकांना काय सांगू?"

"काही सांगू नको. तू आमच्या घरी पहिल्यांदा आली होतीस, पाहुणीला खाली मान घालायला लावायची नाही." एवढं बोलून ती वळली.

इतकं रोखठोक मला आयुष्यात कुणी सुनावलं नाही, आणि सुनावताना इतकं सांभाळूनही कुणी घेतलं नाही. दुसरी कुणी असती तर चारचौघांत पाणउतारा केला असता, नाहीतर गोड बोलून तोडलं असतं. तिनं राग आहे असं तोंडावर सांगितलं आणि त्याच दमात रविवारचं बोलावणं दिलं. मैत्री म्हणजे काय हे मला त्या बसस्टॉपवर कळलं. त्याबद्दल मी तिची जन्मभर उपकृत आहे.

रविवारी सकाळी मी सासूबाईंच्या समोर डबा काढला आणि मूठभर तिरफळं कागदात बांधली. "कोणाक?" म्हणाल्या. मी म्हटलं, "त्याच मैत्रिणीला. तिचे वडील गिरणीत होते, साच्यावर. जेवत नाहीत." माझे सासरेही साच्यावरच होते, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. सासूबाई पुढचे आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण त्या मे महिन्यात गावाहून तिरफळं आली तेव्हा त्यांनी दोन पुड्या बांधल्या आणि दुसरी माझ्या पर्सशेजारी ठेवली.

बाजारातून बांगडे घेऊन मी घाटकोपरला गेले. नवीन खोक्यावर कृती पुन्हा लिहून नेली होती, तिरफळासकट, आणि खाली लिहिलं होतं, "इथे संपलं. पुढे काही नाही." तिनं ते वाचलं, घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि मिरच्या भिजत घातल्या. आमटी तिनंच केली. मी फक्त तिरफळातली बी कशी काढायची ते दाखवलं.

वडील ताटावर बसले. पहिल्या घासाला थांबले. मग बोटांनी भात चाचपत एक तिरफळ शोधून काढलं आणि दातांखाली धरलं. आम्ही दोघी बघत होतो. त्यांनी डोळे मिटले, ओठ दाबून धरले, आणि कुणीतरी समोर बसल्यासारखे एकटेच हसायला लागले.

"आल्या मुंग्या," ते म्हणाले. "हाच तो."

दोनदा भात घेतला. तिसऱ्यांदा आमटी नुसतीच वाटीत घेतली. मग लेकीकडे बोट करून मला म्हणाले, "बघ पोरी, एवढी पुस्तकं वाचते. आणि तू सरळ लिहून दिलेलं हिला धड वाचता येईना. तीन महिने उपाशी ठेवलं मला."

अकरा पानं एका खाडाखोडीशिवाय उतरवणारी ती, माझ्याकडे न बघता हसली. "चुकलंच बाबा," म्हणाली, आणि माझ्या पानात आमटी वाढली.