जात्यावर दोघी

माझी धाकटी जाऊ चांगली बाई होती. इतकी चांगली, की तिच्या शेजारी बसलं तर भली बाईसुद्धा वाईट दिसावी. मग माझी काय कथा! दोघा भावांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला, भाऊबंदांनी आम्हाला एकाच दिवशी बाळकूम गावातून बाहेर काढलं, आणि ठाण्याला मिशनच्या आवारात आम्ही एकाच छपराखाली राहायला आलो. सगळं बरोबरीनं झालेलं. पण बघता बघता धाकटी वाचायला शिकली आणि माझं गाडं बाराखडीतच रुतून बसलं. शिकवायला येणाऱ्या मिशनच्या मडमबाई तिला ‘माझी मुलगी’ म्हणायच्या. मला म्हणायच्या, ‘तू पण ये हो.’ ते ‘पण’ मला असं झोंबायचं म्हणून सांगू!

जमीन गेली, भांडीकुंडी गेली, घरचं जातं तेवढं आम्ही गाडीत घालून आणलं होतं. आम्हा तिकडच्या माणसांना तांदळाची भाकरी लागते, तीही रोज, त्यामुळे पहाटेचं दळण कधी चुकत नसे. जातं मोठं, एकटीला ओढायचं नाही. म्हणून समोरासमोर आम्ही दोघी, खुंट्यावर दोघींचे हात. जुन्या ओव्यांत जुने देव होते, त्या म्हणायच्या नाहीत असं ठरलेलं. मी आपली मुकी बसायची. धाकटीनं मात्र त्याच चालीवर येशूच्या ओव्या रचल्या, आणि त्या ऐकायला मडमबाई अंगणात खुर्ची टाकून बसू लागल्या. मीही तेवढ्याच जोरानं जातं ओढत होते, पण माझे हात बघायला कोण खुर्ची टाकून बसणार?

तर एका रविवारी पाद्रीसाहेबांनी ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्यावर उपदेश केला. माणूस आमच्यातलाच, पण उपदेशाला उभा राहिला की आवाज असा लागायचा की लहान पोरं आईला बिलगत. म्हणाले, तो पुन्हा येणार आहे. पहिल्या वेळेसारखा गोठ्यात नाही, कर्णे वाजवीत, ढगांवरून. मेलेले उठतील, जिवंत उभे राहतील, आणि मेंढपाळ संध्याकाळी मेंढरं एका बाजूला नि शेरडं एका बाजूला करतो तसा तो माणसांचा निवाडा करील. केव्हा येईल ते कुणालाच ठाऊक नाही. चोर काय सांगून येतो?

इथवर ठीक होतं. टाकून द्यायची शेरडं कोण ते मला पक्कं ठाऊक होतं. आमची जमीन दाबून बसलेले चुलतसासरे त्यांत पहिले. पाद्रीसाहेब पुढं म्हणाले, दोघे शेतात असतील, त्यांतला एक नेला जाईल, एक मागं राहील. आमच्या पुरुषांना शेतच उरलं नव्हतं, ते निवांत बसले. मग म्हणाले, दोघी बाया जात्यावर दळत असतील, त्यांतली एक नेली जाईल आणि एक मागं राहील.

झालं! मिशनच्या सगळ्या देवळात रोज जोडीनं दळणाऱ्या आम्हीच दोघी. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. बायांनी आधी धाकटीकडे बघितलं नि त्या हसल्या. मग माझ्याकडे बघितलं, आणि कुणी हसलं नाही.

घरी येऊन मी ह्यांना विचारलं, “काय हो, आमच्यातली मागं राहायची कोण?”

“तू,” हे म्हणाले. “तुला नेलं तर मला भाकरी कोण घालील?”

चेष्टाच ती. पण त्या दिवशीची भाकरी मी मुद्दाम करपवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसले, पण जिवात जीव नव्हता. धाकटी डोळे मिटून ओवी म्हणतेय, चेहरा असा शांत, जणू बोलावणं आलेलंच आहे नि हिची तयारीही झालेली आहे. मला घाम फुटला. आत्ता कर्णा वाजला तर? ही जाईल वर, आणि मी इथं पीठ भरत बसेन! मग मला एक युक्ती सुचली. तिचा पदर जमिनीवर लोळत होता. मी हळूच तो ओढला आणि माझ्या पदराशी त्याची घट्ट गाठ मारली. म्हटलं, आता ने तिला. मीही मागून लटकत येते.

ओवी संपल्यावर ती सूप आणायला उठली. तिच्याबरोबर मीही खेचले गेले, आणि दोघी तोंडावर पिठात पडलो. तिनं गाठ बघितली, माझ्याकडे बघितलं, नि कळलं तिला. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती पोट धरून हसली! “अगो बाई, जाऊबाई, असं होय!” म्हणाली, आणि दुपारपर्यंत ही गंमत पाद्रीणबाईंना, मडमबाईंना, विहिरीवरच्या बायांना सगळ्यांना कळली. तिच्या मनात काळंबेरं नव्हतं, म्हणे. तेच तर! काळंबेरं असतं तर मला तिचा राग तरी धरता आला असता. मी तोंड कुठं लपवू असं झालं, आणि त्याच दिवशी मी ठरवलं की धाकटीबरोबर दळायचं नाही.

आता मला दुसरी जोडीदारीण पाहिजे होती. आणि एकदा असं शोधायलाच निघालं तर चांगली कशाला शोधा? माझ्यापेक्षा वाईट शोधावी. टेंभी नाक्याकडच्या गल्लीत एक म्हातारी राहायची. तोंड उघडलं की शिवी, आणि वाळत घातलेली सुकट तिच्या हाताजवळ सुरक्षित नसे. हिच्यासमोर बसले तर आंधळ्यानंसुद्धा मलाच उचललं असतं. रोज सूपभर पीठ देते असं सांगून मी तिला आणली.

म्हातारी खुंट्याला नुसती लोंबकळायची. ओढायची मी, शिव्या द्यायची ती. थोडे दिवस गेल्यावर तीच म्हणाली, “मना पीठ देतेस, नि काम पन तूच करतेस. तुजं डोकं फिरलंय का गो?”

खोटं बोलायची मला सवय नाही. मी खरं ते सांगून टाकलं.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग तू वर गेल्यावर जातं कुनाचं?”

“तुझं.”

“नि ह्ये तांदूल?”

“तेही तुझेच.”

“मंग जा की लवकर!” म्हातारी म्हणाली.

आमचं आटोपलं की त्याच जात्यावर धाकटी बसायची, आणि तिच्यासमोर कोण? पाद्रीणबाई! आयुष्यात कधी जात्याला हात न लावलेली बाई ओव्यांसाठी दळायला येऊ लागली. दोघींचे आवाज घरात ऐकू आले की माझ्या हातून काहीतरी आपटायचंच. त्या दोघींतून निवडायचं म्हटलं तर देवालाही जड जाईल असं लोक म्हणत. माझ्या जोडीबद्दल लोक काय म्हणत असतील ते मी कधी विचारलं नाही.

शेवटी ही गोष्ट म्हातारीच्या तोंडून पाद्रीसाहेबांच्या कानावर गेली. ते दारात आले. “बाई, हे काय ऐकतो मी?”

मी म्हटलं, “तुम्हीच नाही का सांगितलं, दोघींतली एक?”

“सांगितलं. पण तो दोघींना ताजव्यात समोरासमोर घालणार नाही. शेजारी कोण बसलंय ते तो बघणारच नाही. ज्याचा त्याचा न्याय वेगळा. तुम्ही त्याच्यासमोर एकट्याच उभ्या राहाल.”

“एकटी?” मी म्हटलं. “शेजारी कुणीच नाही? मग मी चांगली का वाईट हे त्याला कळायचं कसं?”

पाद्रीसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कुणी त्यांच्या पायाखालचा पाट ओढला. “त्याला कळतं,” एवढंच म्हणाले नि गेले. मी म्हातारीला त्याच दिवशी रजा दिली. “नि माजं पीठ?” म्हणून ती जी ओरडली ती तळ्यापर्यंत ऐकू गेली असेल.

आणि मग धाकटीला नेलं. तशी नाही हो, जिवंतच! भावोजींना कल्याणला रेल्वेत काम मिळालं, आणि तिथल्या बायांना घरोघर जाऊन शुभवर्तमान शिकवायला मडमबाईंनी हिला नेमलं. कर्णा नाही, ढग नाही, सरळ आगगाडीत बसवून नेली. मी मागं राहिले. निघताना ती वाकून “येते, जाऊबाई,” म्हणाली, तेव्हा मी चुलीत फुंकर मारत होते. स्टेशनवर सगळं आवार गेलं. माझं पोट दुखत होतं.

मला वाटलं, सुटले. आता तुलना नाही नि जळणं नाही. पण एकटीला जातं ओढेना. थोडं थोडं धान्य घालून, दोन्ही हातांनी खुंटा धरून, कशीबशी फिरवायची. समोरची जागा रिकामी. आणि पाद्रीसाहेबांचं ते बोलणं डोक्यातून जाईना. एकटीच उभी राहाशील. समजा आत्ताच आला नि त्यानं विचारलं, तू कशी आहेस? मी मनात उत्तरं जुळवून बघायची. मी तिच्यापेक्षा जास्त ओढते. मी तिच्यापेक्षा कमी बोलते. मी तिच्यापेक्षा साधी आहे. प्रत्येक उत्तर ‘तिच्यापेक्षा’नं सुरू व्हायचं. ते काढलं तर तोंडात शब्दच उरत नव्हता. मला तेव्हा जी भीती वाटली तशी त्या उपदेशाच्या दिवशीही वाटली नव्हती.

कापणीनंतर तांदूळ स्वस्त झाले, तेव्हा विकत घेतलेल्यांतले थोडे भावोजींकडे पोचवायचे होते. हे निघाले होते. मी म्हटलं, मी जाते. आगगाडीत आयुष्यात पहिल्यांदा बसले, पण काय बघितलं ते विचारू नका, डोळे मिटलेले होते. कल्याणला उतरून, विचारत विचारत त्यांच्या आळीत शिरले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. लांबूनच जात्याची घरघर ऐकू आली. पाय आपोआप भराभर पडायला लागले.

दारात पोचले आणि जागच्या जागी थिजले. धाकटी जात्यावर होती, आणि तिच्यासमोर कुणी एक तरणी पोर बसली होती. खुंट्यावर हिच्या हातावर तिचा हात. काहीतरी बोलून दोघी खिदळत होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ती वाचायला शिकली तेव्हा झाली नव्हती, पाद्रीणबाई बसल्या तेव्हाही झाली नव्हती एवढी.

“कोण ही?” मी विचारलं.

“जाऊबाई! तुम्ही? ही शेजारची. मला हातभार लावते.”

“ऊठ गो,” मी त्या पोरीला म्हटलं.

पोर घाबरून उठली. मी गाठोडं खाली टाकलं नि तिच्या जागेवर बसकण मारली. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “माझ्याबरोबर दळायची तुम्हाला भीती वाटते ना? आत्ता तो आला, नि मलाच नेलं तर?”

“वाटते,” मी म्हटलं. “मेली मागं राहीन तर राहीन. पण तुझ्यासमोर दुसरी कुणी बसलेली मला बघवत नाही.”

तिनं मूठभर तांदूळ जात्यात घातले आणि आम्ही ओढायला लागलो.