दोरैंचं कपाळ

आमचे दोरै नव्या माणसाशी हात मिळवण्याआधी त्याला कपाळ दाखवत. उजव्या भुवईवर शिवण घातल्यासारखा आडवा वण होता. जुन्या चामडी चेंडूची वादी बसून बसून तो उमटला होता. "लोक पदवी भिंतीवर लावतात, मी इथं लावली," असं म्हणून ते त्यावर दोन बोटं आपटत. गोऱ्या साहेबाला तमिळमध्ये दोरै म्हणतात. त्यांचं खरं नाव आम्हा मद्रासच्या पोरांच्या जिभेला कधी वळलंच नाही.

बाप आणि दोघे भाऊ स्कॉटलंडच्या कोळशाच्या खाणीत. हे मात्र फुटबॉलपायी सुटले. सेंटर फॉरवर्ड. उंची बेताची, पण उडी अशी की अडवणारे खालीच राहायचे. "पाय फसवतो, डोकं फसवत नाही," हे त्यांचं ब्रीद. देशाच्या संघात निवड झाली, त्याच आठवड्यात गुडघा गेला आणि क्लबनं नारळ दिला. मग ते मद्रासच्या एका गिरणीत फोरमन म्हणून आले, आणि संध्याकाळी गिरणीच्या संघाला शिकवू लागले. मी त्या संघात डाव्या कडेला खेळायचो. मला ते 'विंग' म्हणूनच हाक मारत.

"विंग, टाक!" अशी आरोळी आली की मी कडेवरून चेंडू उंच टाकायचा आणि त्यांनी तो डोक्यानं जाळ्यात घालायचा. हे रोज वीस-पंचवीस वेळा. आम्हाला दाखवण्याचं निमित्त, खरं तर त्यांचीच हौस भागत नसे.

इथल्या उन्हात चामडं तडकायचं. चेंडू सांभाळायचं काम माझ्याकडे. आम्ही तंजावरकडचे मराठी. शनिवारी डोक्याला तिळाचं तेल चोपडून न्हायचं, हा घरचा नेम. मी आधी चेंडूला तेल चोळायचो, मग स्वतःला. आई न्हाणीच्या दारातून ओरडायची, "अय्यो, चेंडूसही न्हाण का रे?" चामडं तेल पीत गेलं, पावसाळ्यात वरून पाणी प्यालं. चेंडू धोंड्यासारखा जड झाला. बाकीचे कुरकुरले, दोरै खूष! "हा अगदी आमच्या गावचा चेंडू झाला. शाब्बास, विंग!" त्या शाबासकीनं मी असा हुरळलो की दुप्पट तेल चोळू लागलो. अशी सात वर्षं गेली.

निवृत्तीनंतर ते शहराबाहेर तांबरमला राहिले. बायको गेली आणि मग त्यांचं एकेक हरवायला लागलं. आधी रस्ते, मग माणसं. एकदा किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. मी त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "यांच्या डोक्याला कधी मार बसत होता का?"

"रोज," मी म्हणालो.

"मग त्यानंही होतं असं," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. खाणीतून वाचलेल्या माणसाच्या डोक्यावर मी आपल्या हातांनी, प्रेमानं, धोंडा तयार करून टाकत होतो. आज मी ऐंशीच्या घरात आहे, पण तो घास अजून उतरलेला नाही.

मग दर गुरुवारी मी तिरुवल्लिकेणीच्या घरून तांबरमला जाऊ लागलो, कबुली द्यायला. पहिल्यांदा सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात थोपटला. "परवायिल्लै," ते त्यांच्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाले, काही हरकत नाही. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांनी विचारलं, "आपण कोण?" पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. माफी मिळायची आणि दारापर्यंतही पुरायची नाही. ज्यानं माफ करायला हवं होतं तो माणूसच सापडत नव्हता. मी हट्टानं पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

एका गुरुवारी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकलं. डोळे भरून आले त्यांचे.

"बिचारा," ते म्हणाले. "त्या खेळाडूला हे माहीत आहे?"



त्यांनी माझं मनगट धरलं. "त्याला सांगू नका. हेडिंगशिवाय त्याला दुसरं काही येत नाही हो. सांगणार नाही ना? शब्द द्या."

"नाही सांगणार, दोरै."

त्यानंतर ते आठ महिने होते. मी एकही गुरुवार चुकवला नाही. त्यांच्याजवळ बसायचो, आणि त्या विषयावर तोंड उघडायचो नाही.