विठूचा कमठा

धामणमामा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी हाताकडे. कर्जतच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी आहे, तिथले ते. सगळं बोलणं धामणीच्या लाकडाचं, म्हणून हे नाव. पहिल्याच भेटीत माझे पंजे उलटेपालटे करून म्हणाले, "नांगराचा हात हाय रं थोरल्या. दाबतो लई." शेजारी माझा धाकटा भाऊ विठू उभा होता. त्याचे पंजे बघून नुसते हसले. मला तेव्हाच मिरच्या झोंबल्या.

भात निसवलं की रानडुकरं आमच्या दहिवलीच्या शेतांत उतरत. राखणीला मामा शेतातल्या उंच माळ्यावर बसत आणि गावातला एकच गडी बरोबर घेत, तोही स्वतःचा कमठा, म्हणजे धनुष्य, स्वतः घडवलेला. त्या वर्षी मी आणि विठू, दोघांनीही आयुष्यातला पहिला कमठा करायला घेतला. माळ्यावरचा मान मलाच हवा होता. थोरला मी होतो ना!

मामांचं एकच म्हणणं असे. "जी बाजू ताठ, तिलाच तास. वाकती तिला हात लावू नको." दोरी चढवून कमठा हळूहळू ओढायचा, कुठली बाजू कमी वाकते ते बघायचं, काचेच्या तुकड्याने तेवढीच खरवडायची आणि पुन्हा ओढायचा. एवढा दम कुठला माझ्यात! मी कोयत्याने सपासप तासला आणि तिसऱ्या दिवशी माझा कमठा कडकन मोडला. विठूचा दोन्हीकडून सारखा वाकला. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला. "ह्यो बोलंल," म्हणाले. असला शब्द माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. माझा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी विठू तांदूळ पोचवायला नेरळला बहिणीकडे गेला. त्याचा कमठा मामांच्या झोपडीत टेकवलेला होता. मामा पाण्याला गेले, तेवढ्यात मी कोयता उचलला आणि त्याच्या एका बाजूची दोन जाड सालपं काढली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मामा आले. दोरी ओढली, तर कमठा एकीकडेच कलला. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मेलो, म्हटलं, आता गावभर बोंब होणार. पण त्यांनी काच माझ्या मुठीत ठेवली.

"दुसरी बाजू तू जुळव. विठू यायच्या आत."

दोन दिवस मी श्वास रोखून खरवडत होतो. हाही मोडला तर भाऊ जन्मात तोंड बघणार नाही, ही धास्ती. अखेर दोन्ही बाजू सारख्या झुकल्या. मामांनी अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला. "थोरल्या, आता झाला तुझा पयला कमठा," म्हणाले आणि तो विठूसाठी खुंटीला अडकवला.

माळ्यावर विठूच गेला. मामांनी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. पुढे मानमोडीच्या तापात ते गेले, तेव्हा मी विठूपेक्षा जास्त रडलो.

विठू आता म्हातारा झालाय. पाहुणे आले की कमठा काढून दाखवतो. "माज्या हातचा हाय, पयलाच!" लोक तोंडभर वाहवा करतात. मग कुणीतरी माझ्याकडे वळून विचारतं, "दादा, तुमी नाय केला कदी?"

"केला होता," मी म्हणतो. "मोडला."