सर्दी गेली की जाईन

माझी बायको पाळणाघरात मावशी आहे. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळते, त्यांची नाकं पुसते आणि संध्याकाळी त्यांची सर्दी घरी घेऊन येते. घरी मी आहेच, आयता. शिंकायला सोबत असलेली बरी, असं मी म्हणतो. हल्ली सर्दीवरच्या विनोदाला ती अजिबात हसत नाही.

कारण आमचा नातू. दिवस भरायच्या आधीच जन्मला, छाती नाजूक. डॉक्टरांनी आमच्या लेकीला बजावलं होतं, सर्दी-खोकल्याचं माणूस बाळाजवळ फिरकू द्यायचं नाही. लेक मुळातच काटेकोर. बाळ आठ महिन्यांचं व्हायला आलं, तरी आजीनं त्याला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. फोनवर बघायची, "सर्दी गेली की येते हं, राजा," म्हणायची आणि फोन ठेवून नाक शिंकरायची.

तिनं काही कमी केलं नाही. साबणानं हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. मुलांना कोपरात शिंकायला शिकवलं, खेळणी रोज धुतली, गुळण्या केल्या, वाफ घेतली. मी दुकानातून गोळ्या आणल्या तर म्हणाली, "यानं नाक मोकळं होईल, सर्दी नाही जाणार. ती तिच्या वेळेनंच जाते." आणि जायची खरी. पण पाठोपाठ दुसरी यायची. मुलांच्या आया सकाळी पोराला सिरप पाजून आणायच्या आणि दाराशी गोड हसायच्या, "काही नाही हो मावशी, एकदम बरा आहे." दुपारी औषध उतरलं की नाक नळासारखं सुरू. मालकीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सर्दीसाठी घरी पाठवायला लागलो तर इथं तुम्ही आणि मीच उरू." त्यांचंही खरं, आयांचंही खरं; त्यांना तरी सुट्टी कोण देतंय? पण भोगायचं माझ्या बायकोनं. याची मला चीड यायची, अजून येते.

शेवटी मीच भांडून तिला बिनपगारी रजा घ्यायला लावली. आलेली सर्दी गेली, नवी आली नाही. दुसऱ्या दिवशी निघायचं ठरवत होतो, तोवर लेकीचाच फोन आला.

"आई, इतकं जपून मलाच झाली गं सर्दी. ह्यांनी ऑफिसातून आणली. मास्क लावून दूध पाजते, पण एरवी त्याला घ्यायला कुणी नाही. येशील का?"

येशील का म्हणे! मी शर्टाची बटणं लावेपर्यंत ही रिक्षा थांबवून उभी.

तिथं गेल्यावर कोपरापर्यंत हात धुतले, साडी बदलली आणि बाळाला उचललं. त्यानं तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि असं भोकाड पसरलं की शेजारचे दारात आले. तिनं खांद्यावर घेतलं, खिडकी दाखवली, गाणं म्हटलं. खोलीभर पोरांना थोपटून झोपवणारी ही बाई घामाघूम झाली. बाळ आईच्या खोलीच्या बंद दाराकडे हात करून रडतच होतं.

आतून लेक भरल्या नाकानं समजूत घालायला लागली, "आई, मनाला लावून घेऊ नकोस. नवीन माणूस बघितलं की तो असाच रडतो."

थोपटणारा हात थांबला.

"ऐकलंत?" बायको मला म्हणाली. "मी नवीन माणूस." आणि बाळाला छातीशी धरून तीही रडायला लागली.